हातानं काढलेली नर्गिस : खरी कॉर्नरच्या आतल्या पेंटरकाकांकडचा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज आई लवकर झोपलीय आणि चित्र समोरच भिंतीवर आहे तर लिहूनच टाकते. आपल्या कोल्हापुरात अजूनही फोटोवरून हातानं, ऑइल पेंटमध्ये पोर्ट्रेट काढून देणारी माणसं आहेत, आणि त्यातल्या एका काकांकडून मी आईच्या पासष्टीला नर्गिसचं चित्र काढून घेतलं. काकांनी नाव आणि नंबर कुठं टाकू नकोस म्हणून बजावलंय, एकटेच काम करतात, वर्षाला बोटावर मोजण्याइतकी कामं घेतात, म्हणून नाव देत नाही. खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा तो कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना, तिथनं आत चालत चार-पाच मिनिटं, बॅनरवाले पेंटर कुठं राहतात म्हणून विचारलं की कुणीही घर दाखवतंय.

आधी नर्गिसच का ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय ह्या रिव्ह्यूला काही अर्थ नाही. आमची आई २६ वर्षं विशेष मुलांच्या शाळेत होती, सेरेब्रल पाल्सीची मुलं, काही चालू न शकणारी, काहींना बोलता येत नाही पण डोळ्यानं सगळं सांगतात अशी. तिच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक कात्रण चिकटवलेलं होतं, कुठल्यातरी जुन्या मासिकातलं, पांढऱ्या साडीतली नर्गिस. लहानपणी मला वाटायचं आईला तिचे सिनेमे आवडतात म्हणून असेल. कॉलेजला गेल्यावर एकदा विचारलं तेव्हा आई म्हणाली, अगं सिनेमाचं सोड, १९७२ साली मुंबईत मिठू अलूर बाईंनी स्वतःच्या मुलीसाठी धडपडून अशाच मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली तेव्हा ही त्यांची पहिली पेट्रन, म्हणजे आश्रयदाती झाली. त्या काळात घरी पाहुणे आले की अशा पोराला आतल्या खोलीत ठेवून दार ओढून घ्यायचे गं, आणि आख्ख्या देशाला माहीत असलेली ही बाई त्या पोरांसाठी उघडपणे उभी राहिली. आईनं हा कोर्स करायचं ठरवलं तेव्हा आज्जी नाराज होती म्हणे, असलं काम कुठं असतंय का, बँकेत बघ जरा, वगैरे. तेव्हा आईनं तिला हेच कात्रण दाखवलं होतं. आज्जीला मदर इंडिया पाठ होता, त्यामुळं गप्प बसली.

तर ते कात्रण गेल्या पावसाळ्यात ओल येऊन गेलं. अर्धा चेहरा दाराच्या प्लायवूडला चिकटून राहिला. मी मोबाइलवर आधी काढलेला एक फोटो होता, तो घेऊन मी पहिल्यांदा एका डिजिटल प्रिंटवाल्याकडे गेले, त्याचं नाव घेत नाही. त्यानं कॉम्प्युटरवर दहा मिनिटात क्लिअर करून दिला, कॅनव्हास प्रिंट, अठराशे रुपये. घरी आणून बघते तर नर्गिस कुठंय? गाल गुळगुळीत, ओठ गुलाबी, नाक भलतंच, डोळ्याखालची रेघ न रेघ गायब, कुठल्यातरी साडीच्या जाहिरातीतली मुलगी वाटत होती. आईला दाखवायचं धाडसच झालं नाही. ते अजून माळ्यावर आहे. त्या दिवशी मला कळलं की फोटो क्लिअर होणं वेगळं आणि माणूस दिसणं वेगळं.

मग ऑफिसमधल्या एका ताईंनी ह्या काकांचं सांगितलं.

घराच्या वरच्या मजल्यावर एकच खोली, उत्तरेला मोठी खिडकी, टर्पेंटाईन आणि अळशीच्या तेलाचा वास जिन्यातच लागतो. काका बासष्टचे, सोळाव्या-सतराव्या वर्षापासून टॉकीजची बॅनर रंगवायला मदतनीस म्हणून लागले, आधी रंग घोटणे, मग चौकोन आखणे, मग कपडे रंगवणे, आणि चेहऱ्याला हात लावायला सहा वर्षांनी मिळालं. फ्लेक्स आल्यावर ते सगळं काम गेलं आणि तेव्हापासून पोर्ट्रेट, देवांची चित्रं, तालमीतल्या वस्तादांच्या तसबिरी असलं करतात. मी फोटो दाखवला, म्हटलं काका नर्गिस काढायचीय. त्यांनी फोटो बघितलाच नाही आधी. म्हणाले, "कुठली नर्गिस काढायची ते सांग की पोरी."

मला कळेना. मग त्यांनी एक जुना कागद घेतला आणि कोळशानं, मी सांगते ना, मिनिटभरात आर. के. चा लोगो काढला, न बघता. एका हातात व्हायोलिन, दुसऱ्या हातावर मागं झुकलेली ती. ही बरसातमधली, १९४९ ची, म्हणाले, ही आम्ही शेकड्यानं काढली. मग त्याच कागदावर खाली खांद्यावर नांगर घेतलेली, मान ताठ, चेहऱ्यावर चिखल, ही मदर इंडिया, १९५७. ह्या दोन्ही मला डोळे झाकून जमतात, दोन आठवड्यात देतो. तुझ्या फोटोतली तिसरीच आहे, ती मी कधी काढली नाही, तिला वेळ लागंल आणि तू मला तिच्याबद्दल सांगायला लागंल.

खरं सांगते, ग्राहकाला असं विचारणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघितला. त्या दिवशी आम्ही दीड तास बोलत बसलो, काकूंनी दोनदा चहा दिला.

काकांना तिचं सिनेमाचं आयुष्य माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आई जद्दनबाई, स्वतः गायिका, स्वतः सिनेमाला संगीत देणारी, त्या काळात बाईनं संगीत देणं म्हणजे केवढी गोष्ट. मुलीचं खरं नाव फातिमा रशीद, पाच-सहा वर्षांची असतानाच १९३५ ला बेबी नर्गिस म्हणून पडद्यावर आणली, आणि चौदाव्या वर्षी मेहबूब खाननं तकदीरमध्ये हिरॉईन केली. पोरीला खरं डॉक्टर व्हायचं होतं. मग अंदाज, बरसात, आवारा, श्री ४२०, राज कपूरबरोबर सोळा सिनेमे, रशियात लोक तिच्यासाठी वेडे. आणि काकांनी एक गोष्ट सांगितली ती मला अजिबात माहीत नव्हती. प्रभात फिल्म कंपनी आपल्या कोल्हापुरात सुरू झाली ती तारीख १ जून १९२९, आणि नर्गिसचा जन्म, तिकडं कलकत्त्यात, तोही १ जून १९२९. घरी येऊन तपासलं, खरंच तीच तारीख. काका म्हणाले आम्हाला बॅनर शिकवणाऱ्या वस्तादांनी हे सांगितलेलं, त्यामुळं नर्गिसचं बॅनर असलं की ते ब्रश हातात घ्यायच्या आधी प्रभातला एक नमस्कार करायचे.

मदर इंडियाबद्दल तर ते बोलतच राहिले. राधा त्यात नवी नवरी म्हणून येते आणि पांढऱ्या केसांची म्हातारी होऊन संपते, आणि हे करताना ती पुरती तिशीचीही नव्हती. तिच्या मुलाचं, बिरजूचं काम करणारा सुनील दत्त तिच्यापेक्षा फक्त पाच दिवसांनी लहान! ६ जून १९२९. गुजरातमध्ये शूटिंग चालू असताना गवताच्या गंजींना लावलेली आग हाताबाहेर गेली आणि तोच आत शिरून तिला बाहेर घेऊन आला, स्वतः भाजला. ११ मार्च १९५८ ला लग्न केलं. त्याच वर्षी पद्मश्री, कार्लोव्ही व्हारीच्या फिल्म फेस्टिव्हलला बेस्ट अ‍ॅक्ट्रेस, सिनेमा ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेला.

आणि इथं येऊन काका थांबले. म्हणाले, पुढचं मला ठाऊक नाही, पुढं तिची बॅनर आलीच नाहीत.

मला हेच बोलायचंय खरं तर. नर्गिसबद्दल कुणीही बोलायला लागलं की राज कपूरपाशी सुरू करतात आणि आगीपाशी संपवतात. जणू त्या आगीतून सुनील दत्तनं बाहेर काढलं आणि कथा संपली. अहो त्यानंतर ती बाई २४ वर्षं जगली! लग्नानंतर सिनेमा जवळजवळ सोडला, शेवटचा 'रात और दिन' आला १९६७ ला, त्यात दुभंगलेल्या मनाची बाई केली आणि नॅशनल अवॉर्डमध्ये बेस्ट अ‍ॅक्ट्रेस हा मान मिळवणारी पहिली ठरली. पण बाकीचा वेळ कुठं होती? नवरा-बायकोनं मिळून अजंता आर्ट्स म्हणून कलाकारांचं पथक केलं आणि सीमेवर, थंडीत, जवानांसमोर कार्यक्रम करत फिरले. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर ढाक्याला जाऊन कार्यक्रम केला. मग १९७२ पासून ती स्पॅस्टिक्स सोसायटीची मुलं. आईच्या शाळेत आजही काही पालक असे येतात की मुलाच्या तोंडातली लाळ पुसताना इकडंतिकडं बघतात, कुणी बघत तर नाही ना. आज ही परिस्थिती, तर पन्नास वर्षांपूर्वी काय असेल, आणि तेव्हा पैसे उभे करायला, मंत्र्यांच्या दारात जायला, पेपरवाल्यांना बोलवायला नर्गिसचं नाव मिळणं म्हणजे काय हे ज्यांनी अशा शाळेसाठी देणग्या मागितल्यात त्यांनाच कळेल. आई म्हणते चेक देणारे पुष्कळ भेटतात, आपला चेहरा देणारे भेटत नाहीत.

तिचं सगळंच मला पटतं असं नाही. १९८० ला राज्यसभेवर गेल्यावर तिनं सत्यजित राय देशाची गरिबी परदेशात दाखवतात म्हणून टीका केली होती, ती मला अजिबात पटत नाही, मदर इंडियातल्या राधेच्या घरात काय श्रीमंती होती? काकांनाही नाही पटलं. पण तेही सांगितलं मी त्यांना, म्हटलं पुरा माणूस काढायचा तर पुरं सांगायला पाहिजे.

शेवटचंही सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, न्यूयॉर्कला उपचार, परत आली, आणि ३ मे १९८१ ला गेली, ५१ वर्षांची. मुलाचा हिरो म्हणून पहिला सिनेमा रॉकी त्यानंतर आठवड्याच्या आत आला, प्रीमियरला तिच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. हे ऐकल्यावर काका एकदम म्हणाले, "थांब, रॉकीचं बॅनर मी रंगवलंय की!" नवीनच लागले होते कामाला, संजय दत्तचं जॅकेट रंगवायचं काम त्यांच्याकडं होतं. चेहरा वस्तादांनी घेतला आणि पोरांना सांगितलं, ह्याच्या डोळ्यात आईचे डोळे हाईत, आता ती नाही, ते चुकवू नका. पंचेचाळीस वर्षं होत आली पण काकांना ते वाक्य आठवत होतं.

तिच्या पश्चात सुनील दत्तनं कॅन्सरच्या कामासाठी तिच्या नावानं फाउंडेशन उभं केलं हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे हे आपल्याकडच्या लोकांनाही सांगावं लागतं. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव ते. देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली सुरू झाली तीही बार्शीतच, म्हणजे खेड्यापाड्यात कुणाला कुठला कॅन्सर होतोय, किती बायका गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरनं जातायत हे घरोघरी विचारून लिहून ठेवायला तिथं सुरुवात झाली. मुंबईत बड्या लोकांच्या नावाची हॉस्पिटलं असतात, त्यात नवल नाही. ऊस आणि ज्वारीच्या पट्ट्यातल्या बाईला एसटीनं जाता येईल अशा ठिकाणी तिचं नाव आहे, हे मला फार मोठं वाटतं. काकांचे एक पाहुणे तिकडचेच निघाले, त्यांनी लगेच ओळखलं, "नर्गिस दवाखाना" म्हणतात म्हणाले.

आता कामाबद्दल. दोन बाय तीन फुटाचा कॅनव्हास, साडेनऊ हजार ठरले, साडेतीन अ‍ॅडव्हान्स. मी मध्ये चार वेळा जाऊन बघून आले. फोटोवर पेन्सिलीनं बारीक चौकोन आखले, तेवढेच चौकोन मोठे करून कॅनव्हासवर, जुनी बॅनरची पद्धत. पण मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते पांढऱ्या साडीचं. मला वाटलं पांढरा रंग काय, ट्यूब पिळायची आणि लावायची. काका म्हणाले तसं केलं तर भिंतीला चुना मारल्यासारखं दिसतंय. त्यांनी आधी सगळी साडी निळसर करड्या रंगात काढली, मला वाटलं चुकलं काहीतरी, मग त्यावर पिवळ्या मातीची छटा घातलेला पांढरा, घडीघडीनं, आणि अगदी शेवटी खांद्यावर पदर वळतो तिथं फक्त, नखाएवढ्या जागेत, सरळ ट्यूबमधला जाड पांढरा. तो एक ठिपका पडल्यावर आख्खी साडी सुती झाली. मी समोर उभी होते, अंगावर काटा आला.

चेहऱ्यावर डोळ्याखाली आणि ओठांच्या कडेला ज्या रेघा होत्या त्या त्यांनी एकही सोडली नाही. मी मुद्दाम विचारलं, प्रिंटवाल्याचा अनुभव होता ना. म्हणाले ह्या पुसल्या तर बरसातमधली पोरगी होऊन बसंल परत, मग तुझी आई ओळखणार कशी हिला.

तक्रारीही आहेत, त्या सांगते. पाच आठवडे म्हणाले होते, साडेसात लागले, आईचा वाढदिवस होऊन गेला. फोन उचलत नाहीत, रंगाचे हात असतात हे कारण खरं असलं तरी निरोप ठेवला तर उलट फोन करायला पाहिजे, मी दोनदा उगाच हेलपाटा घातला. फक्त रोख घेतात. डावा हात पहिल्यांदा जाड आला होता, बोटं पैलवानाची वाटत होती, पण ते मी बोलायच्या आधीच त्यांनी स्वतः खरवडून परत काढायला घेतलं होतं. जिना अरुंद आहे, दोन माणसं घेऊन जा. घरी आणल्यावर दहा-बारा दिवस तेलाचा वास येतो, आमच्या आईला दम्याचा त्रास आहे म्हणून गॅलरीत ठेवावं लागलं. आणि फ्रेम ते करून देत नाहीत. मी घाई करून एका फ्रेमवाल्याकडे टाकलं, त्यानं रंग पुरता वाळलेला नसताना काच दाबून बसवली आणि पदरावर पट्टा उमटला. रडायलाच आलं. काकांकडं परत नेलं तर एक शब्द बोलले नाहीत, दोन दिवसांत दुरुस्त करून दिलं आणि वर एक रुपया घेतला नाही. बाविसशेची फ्रेम वेगळी, काच काढायला लावली मग, ऑइल पेंटिंगला काच नकोच असं ते आधीच सांगत होते, मीच ऐकलं नाही.

आईला दाखवलं तेव्हा ती काही बोललीच नाही आधी. मग "चष्मा दे गं माझा" म्हणाली. चष्मा लावून जवळ गेली, परत लांब गेली, आणि स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायला बसली. मी मागं गेले तर म्हणाली, "अगं तिचा थकवा पण काढलाय की त्यानं." तेवढंच. रात्री उठून दिवा लावून परत बघत होती ते मी बघितलं.

गेल्या रविवारी तिचा एक जुना विद्यार्थी आला होता, आता तिशीचा आहे, व्हीलचेअरवर असतो, बोलताना शब्दाला वेळ लागतो. बराच वेळ चित्राकडं बघत होता. मग म्हणाला, टीचर, ही, तुमची, आई काय? आई म्हणाली, "व्हय रे, तशीच म्हण."

कुणाला काढून घ्यायचं असेल तर संध्याकाळी पाचनंतर जा, दुपारचं काका झोपतात आणि सकाळचा उजेड असतो तोवर बोलत नाहीत. फोटो एकच नेऊ नका, तीन-चार वेगवेगळ्या वयातले न्या, मोबाइलवर नको, प्रिंट काढून. लग्नसमारंभाच्या भेटीसाठी घाईचं काम असेल तर जाऊच नका, गणपतीच्या आधी दोन महिने तर ते नवीन काम घेतच नाहीत. चित्र लावाल ती भिंत ओलीची नको आणि पश्चिमेचं ऊन थेट पडणारी नको. आणि ज्या माणसाचं चित्र काढायचंय त्याच्याबद्दल जे काही आठवतंय ते घरच्यांना विचारून ठेवा, कारण चहा आला की काका तेच विचारणार.